घरच्या पेटीत अंडी उबवताना

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला २१ दिवस लागतात. जपानी बटेराला १७ ते १८, बदकाला २८ आणि मस्कोव्ही बदकाला ३५ दिवस लागतात. घरी पहिल्यांदाच यंत्रात अंडी उबवणारा माणूस बहुधा कोंबडीपासून सुरुवात करतो, आणि ते शहाणपणाचे आहे. अंडी सहज मिळतात, मुदत फार लांब नाही आणि चूक झाली तर ती तीन आठवड्यांत कळते.

यंत्राने काय करायचे, हे खुडूक कोंबडीकडे पाहिले की समजते. खुडूक झालेल्या कोंबडीच्या पोटाखालची पिसे गळून पडतात आणि उघडी, रक्ताने भरलेली ऊबदार कातडी थेट अंड्यांना टेकते. ती चोचीने अंडी दिवसभर हलवत, उलटीपालटी करत राहते. दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्यासाठी उठते, तेवढ्यात अंड्यांना मोकळी हवा लागते. ऊब, ओलावा, फिरवणे आणि हवा या चारच गोष्टी ती पुरवते, पण तीन आठवडे खंड न पडता. तिच्याखाली एका वेळी साधारण दहा-बारा अंडी मावतात. बसण्याच्या काळात आणि पुढे पिल्ले सांभाळताना ती अंडी देत नाही. म्हणूनच जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड केलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. गावरान कोंबडीत ती अजून टिकून आहे, पण गावरान कोंबडीही तिच्या मनात येईल तेव्हाच खुडूक होते. घरच्या छोट्या इनक्युबेटरची गरज इथे निर्माण होते.

बाजारात थर्माकोलच्या किंवा प्लास्टिकच्या, दहा-बारा अंड्यांपासून शंभराच्या आसपास अंडी मावतील अशा पेट्या मिळतात. हौशी लोक थर्माकोलचे खोके, तापनियंत्रक, बल्ब आणि संगणकातला छोटा पंखा जोडून पेटी घरीच तयार करतात. पेटी कोणतीही असो, नवशिक्याचे सगळे लक्ष तापमानाच्या आकड्यावर खिळते. तापमान महत्त्वाचे आहेच, पण घरच्या पेटीत पूर्ण वाढलेली पिल्ले शेवटच्या दोन दिवसांत कवचातच मरतात, तेव्हा दोष बरेचदा पाण्याचा असतो. अंडे ही बंद डबी नाही. ते तीन आठवडे श्वास घेते आणि सुकते. ते किती सुकले, यावर शेवटचा निकाल बराचसा अवलंबून असतो.

आधी अंड्याविषयी. किराणा दुकानातली पांढरी अंडी उबवून काही निघत नाही, कारण ती जिथून येतात त्या लेअर फार्मवर कोंबडे ठेवलेलेच नसतात. अंडे फलित असायला कळपात कोंबडा हवा, आठ-दहा माद्यांमागे एक या प्रमाणात. एकदा संग झाला की नराचे बीज मादीच्या अंडनलिकेतल्या सूक्ष्म नळ्यांत साठून राहते आणि साधारण दोन आठवडे रोजचे अंडे फलित होत राहते. कोंबडा बदलला तरी पुढचे काही दिवस पिल्ले आधीच्याच कोंबड्याची निघू शकतात. शुद्ध वंश जपणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

जातीचाही विचार आधीच करावा. झाबुआचा कडकनाथ ही देशी जात आहे. कळप शुद्ध असेल तर तिची पिल्ले आईबापांसारखीच निघतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज यांची गोष्ट वेगळी. त्या संकरातून आल्या आहेत, त्यामुळे घरच्या वनराजाची अंडी उबवली तर पिल्ले निघतील, पण सगळी आईच्या गुणांची असतील असे नाही. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. खात्रीचे बियाणे हवे असेल तर चौकशी तिथून सुरू करता येते.

कोंबडीने अंडे घातले तेव्हा त्यातला जीव अगदीच कोवळा असला तरी शून्यातला नसतो. फलन अंडनलिकेच्या तोंडाशी होते आणि त्यानंतर अंडे बाहेर यायला सुमारे एक दिवस लागतो. त्या दिवसभरात कोंबडीच्या अंगच्या उबेत पेशींचे विभाजन सुरूच असते, त्यामुळे बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात तोवर हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेर येऊन अंडे गार झाले की वाढ थांबते. साधारण २० अंशांच्या खाली गर्भ जणू झोपी जातो आणि पुन्हा ऊब मिळाली की जिथे थांबला होता तिथून पुढे निघतो. या झोपेमुळेच कोंबडी रोज एकेक करून घातलेली अंडी शेवटी एकदम उबवते आणि पिल्ले एकाच दिवशी निघतात.

माणसालाही याचा फायदा मिळतो, पण साठवण नीट हवी. १३ ते १८ अंश तापमान आणि भरपूर ओलावा ही साठवणीची चांगली स्थिती. फ्रिजचे चार-पाच अंश फार थंड पडतात. उलट महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात खोलीचे ३२-३५ अंश त्याहून वाईट, कारण त्या अर्धवट उबेत गर्भ ना झोपतो ना धड वाढतो, आणि हळूहळू मरतो. माठाशेजारची गार, ओलसर, अंधारी जागा त्यातल्या त्यात बरी. अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत यंत्रात जावीत. त्यापुढे प्रत्येक दिवसागणिक पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरत जाते. दुरून आणलेली अंडी आल्या आल्या यंत्रात घालू नयेत. धक्क्यांनी हललेली अंड्यातली हवेची पोकळी स्थिरावायला त्यांना रात्रभर तरी बोथट टोक वर ठेवून स्वस्थ राहू द्यावे.

निवडताना मध्यम आकाराची, घडणीने नीट, तडा नसलेली अंडी घ्यावीत. फार मोठ्या अंड्यात दोन बलक असू शकतात, आणि त्यातून पिल्लू क्वचितच निघते. अंडी धुऊ नयेत. कवचावर कोंबडीच्या अंगातूनच एक पातळ संरक्षक थर येतो, तो धुतल्याने जातो, आणि गार पाण्याने अंडे आतून आकसले की बाहेरचे जंतू छिद्रांतून आत ओढले जातात. थोडी घाण असेल तर कोरड्या खरबरीत कापडाने हलकेच पुसावी. फार मळलेले अंडे सोडून द्यावे. उबदार पेटीत एक सडके अंडे फुटले तर बाकीच्यांचीही वाट लागते.

पेटी अंडी ठेवण्याच्या किमान एक दिवस आधी, जमल्यास दोन दिवस आधी सुरू करावी. ती अशा खोलीत असावी जिथे ऊन येत नाही, छताच्या पंख्याचा वारा थेट लागत नाही आणि दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. पेटीत पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायचे. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर साठते, म्हणून तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीला मोजून ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावे लागतात. तापमापी पेटीच्या तळाशी किंवा झाकणाजवळ कुठेतरी लावून भागत नाही.

पेटीबरोबर आलेला आकडा खरा असेलच असे धरून चालू नये. स्वस्त तापनियंत्रकात एखाद्या अंशाची चूक सहज असते, आणि इथे एक अंश फार मोठा आहे. सोपा उपाय घरातच असतो. ताप मोजायचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. त्याचे टोक अंड्यांच्या पातळीला ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत आणि फरक असेल तर नियंत्रक तेवढा सरकवावा. ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरचीही परीक्षा घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओले करायचे आणि हायग्रोमीटरसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. काटा ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी त्यात ५ मिळवायचे.

जास्त उष्णता आणि कमी उष्णता यांत जास्त उष्णता कितीतरी घातक. तापमान ४० अंशांच्या वर काही तास राहिले तरी गर्भ मरू लागतात. ३५-३६ पर्यंत थोडा वेळ घसरले तर बहुतेक जगतात, फक्त पिल्ले उशिरा निघतात. अंडी पेटीत ठेवल्यावर आकडा बराच खाली येतो, कारण अंडी गार असतात आणि त्यांना तापायला अनेक तास लागतात. या वेळी घाबरून नियंत्रक वर सरकवण्याचा मोह होतो, तो टाळावा. अंडी तापली की तेच वाढवलेले तापमान त्यांना भाजून काढते.

दिवस मोजण्याची पद्धतही नीट समजून घ्यावी. अंडी ठेवल्यापासून पूर्ण २४ तास झाले की पहिला दिवस संपतो. रविवारी संध्याकाळी ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले तीन आठवड्यांनी रविवारच्या आसपास निघतात.

अंडी फिरवणे हे कोंबडीचे काम हाताने करायचे असेल तर प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलने खूण करावी. शाई वापरू नये. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम संख्येने, अंडी उलटावीत. रात्रीचा वेळ सगळ्यात लांब असतो, आणि विषम संख्येमुळे एका रात्री फुली वर असेल तर दुसऱ्या रात्री गोल वर येतो. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ वर तरंगून कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि त्याच्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांचे जाळेही पुरेसे पसरत नाही. पहिल्या आठवड्यात हे सगळ्यात महत्त्वाचे. अंडी फिरवणारा ट्रे असेल तर तो दर तासा-दोन तासांनी दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत झुकायला हवा. हात स्वच्छ धुतलेले असावेत, तेलकट तर नकोतच, कारण तेलाने छिद्रे बुजतात.

ती छिद्रे म्हणजे अंड्याची नाके. कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर साधारण दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. साठ ग्रॅमचे एक अंडे २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते, सुमारे ४.५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि ११ लिटरच्या आसपास पाण्याची वाफ बाहेर सोडते. वाफ गेलेल्या जागी हवा येते आणि बोथट टोकाकडची पोकळी मोठी होत जाते. शेवटी पिल्लाला पहिला श्वास याच पोकळीतून घ्यायचा असतो. पेटीत ओलावा फार राहिला तर वाफ बाहेर पडत नाही, पोकळी लहान राहते, आणि पिल्लू ओल्या, फुगलेल्या अवस्थेत कवच फोडण्याआधीच गुदमरते. ओलावा फार कमी राहिला तर आतला पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो आणि पिल्लू त्यात अडकते. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता हा सर्वमान्य हिशेब आहे.

पण या आकड्यामागे हवामान आहे, आणि इथे महाराष्ट्रातले भाग एकमेकांपासून फार वेगळे पडतात. हवा तापली की तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रतेचा टक्का खाली येतो. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांना तापल्यावर सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे पहिले अठरा दिवस पेटीत वेगळे पाणी घालायची गरजच नाही. पुस्तिकेत लिहिले आहे म्हणून रत्नागिरीत जुलैमध्ये पेटीतल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरून ठेवणारा माणूस अंड्यांना सुकू देत नाही. याउलट नाशिकच्या थंडीत खोलीतली १५ अंशांची कोरडी हवा पेटीत तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, आणि तिथे पाणी घालावेच लागते. विदर्भातल्या मे महिन्यात तर प्रश्नच वेगळा. ४२ अंशांच्या खोलीत पेटीला आतली उष्णता कमी करताच येत नाही, तिच्याकडे फक्त तापवण्याची सोय असते. अशा ठिकाणी सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

पाणी घालताना खोली मोजू नये, पृष्ठभाग मोजावा. खोल वाटीपेक्षा पसरट ताटलीतून जास्त वाफ निघते, आणि ताटलीत स्पंजाचा तुकडा ठेवला तर आणखी जास्त. हवेची भोके मात्र ओलाव्यासाठी बंद करू नयेत. ओलावा टिकला तरी गर्भ प्राणवायूविना गुदमरतो, विशेषतः शेवटच्या आठवड्यात.

आर्द्रतेच्या काट्यापेक्षा भरवशाचा पुरावा वजनाचा. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १४ टक्क्यांनी घटावे. ५० ग्रॅमची १२ अंडी ठेवली तर सुरुवातीचे वजन ६०० ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर सगळी अंडी एकत्र मोजली की सातव्या दिवशी साधारण ३० ग्रॅम आणि अठराव्या दिवशी ७५ ग्रॅमच्या आसपास घट दिसायला हवी. सातव्या दिवशी ती १५ ग्रॅमच असेल तर पाणी काढून टाकावे, ४५ असेल तर वाढवावे. उरलेल्या दिवसांत चूक भरून काढता येते. एवढी एक नोंद ठेवण्याने जितकी पिल्ले वाचतात, तितकी महागड्या पेटीनेही वाचत नाहीत.

वीज जाणे हा ग्रामीण महाराष्ट्रातला रोजचा प्रश्न. तासाभराच्या भारनियमनाने अंडी मरत नाहीत. झाकण उघडू नये, पेटीवर गोधडी किंवा घोंगडी पसरावी, पण हवेची भोके झाकली जाणार नाहीत हे पाहावे. तीन-चार तासांची भीती असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या आधीपासूनच पेटीत ठेवलेल्या बऱ्या, त्या उष्णता धरून ठेवतात. पहिल्या आठवड्यातले गर्भ स्वतः उष्णता निर्माण करत नाहीत, शेवटच्या आठवड्यातले करतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात वीज गेली तर अंडी उशिरा गार होतात, पण हवा मात्र जास्त लागते.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहावे. बोथट टोकाला प्रकाश लावला की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल तंतू आणि मध्ये हलणारा गडद ठिपका दिसतो. तो गर्भाचा डोळा असतो. संपूर्ण पिवळसर, स्वच्छ दिसणारे अंडे अफलित असते किंवा त्यातला गर्भ अगदी सुरुवातीलाच मेलेला असतो. आत तांबडे कडे दिसत असेल तर गर्भ वाढू लागला होता आणि मेला, कारण मेल्यावर रक्त आक्रसून कडेला जमते. अशी अंडी काढून टाकावीत. तपकिरी कवचाच्या अंड्यांत हे दिसणे अवघड जाते, तिथे दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे. शंका असलेले अंडे फेकू नये, पण ज्याला वास येतो किंवा ज्याच्या कवचातून थेंब पाझरतात ते लगेच बाहेर काढावे.

आत या काळात जे घडते ते माणसाला फार जुन्या काळापासून ओढ लावत आले आहे. ॲरिस्टॉटलने अंडी क्रमाने फोडून गर्भाची वाढ पाहिली आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखे हलणारे हृदय नोंदवले. आज माहीत आहे की हृदय दुसऱ्याच दिवशी धडधडू लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्यात रंग उतरतो, दुसऱ्या आठवड्यात पिसांचे कोंब उगवतात. चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू डोके बोथट टोकाकडे वळवू लागते. ज्याचे डोके निमुळत्या टोकाकडे राहते ते बहुधा हवेच्या पोकळीपर्यंत पोहोचत नाही, आणि म्हणूनच अंडी निमुळते टोक वर करून कधीही ठेवू नयेत. इजिप्तमध्ये तर विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची परंपरा दोन हजारांहून अधिक वर्षांची आहे. तिथले कारागीर तापमापीशिवाय अंडे पापणीला लावून ऊब जोखत.

अठराव्या दिवशी शेवटची तपासणी करायची. जिवंत अंडे आता जवळजवळ पूर्ण गडद दिसते आणि हवेची पोकळी साधारण एक तृतीयांश जागा व्यापते. फिरवणे इथे थांबते. ट्रे काढून अंडी आडवी ठेवावीत, त्यांच्याखाली खरबरीत कापड किंवा जाळी पसरावी आणि पाणी वाढवावे. गुळगुळीत प्लास्टिकवर निघालेल्या पिल्लांचे पाय फाकतात आणि ती पुढे चालू शकत नाहीत. यानंतर झाकण उघडायचे नाही. कोंबडीनेही या दिवसांत उठणे बंद केलेले असते.

विसाव्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालते आणि फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. तेव्हापासून अंड्यातून किलबिल ऐकू येते. त्यानंतर चोचीच्या टोकावरच्या छोट्या कठीण दाताने ते कवचाला पहिली टोच मारते. कवच तडकले की लगेच पिल्लू निघते असा समज असतो, पण टोच मारल्यावर ते १२ ते २४ तास काहीच केल्यासारखे दिसत नाही. त्या वेळात बाकी राहिलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त शरीरात परतत असते. हे काम संपले की ते जोर लावून गोल फिरू लागते. बोथट टोकाकडून पाहिले तर बहुतेक पिल्ले घड्याळाच्या उलट्या दिशेने कवच कापत जातात. मग टोपी उघडते आणि ओले, दमलेले पिल्लू बाहेर पडते.

या तासांमध्ये मदत करण्याची इच्छा अनावर होते. कवच सोलून पिल्लू बाहेर काढले तर रक्तवाहिन्या तुटतात आणि पोटात न गेलेला बलक उघडा पडतो. त्यातली बरीच पिल्ले मरतात. शिवाय एका अंड्यासाठी झाकण उघडले की ओलावा क्षणात उतरतो आणि नुकत्याच टोच मारलेल्या बाकीच्या अंड्यांतले पापुद्रे वाळून पिल्लांना घट्ट आवळतात. टोच मारून पूर्ण एक दिवस उलटला, पिल्लू ओरडत आहे आणि पापुद्रा पांढरा, कोरडा झाला आहे, तेव्हाच कोमट पाण्याचे बोट त्यावर फिरवायला हरकत नाही. रक्ताचा टिपूस दिसला की तिथेच थांबावे.

निघालेल्या पिल्लांना पेटीतच वाळू द्यावे. पोटात ओढलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते. एक दिवसाची पिल्ले दूरवर पाठवण्याचा व्यवसाय उभा राहिला तो याच बळावर. घरी मात्र पिसे फुलली की साधारण एका दिवसाच्या आत त्यांना दाणापाणी द्यावे.

पहिल्या खेपेला निम्म्या अंड्यांतून पिल्ले निघाली तरी काम चांगले झाले असे समजावे. न निघालेली अंडी फेकण्याआधी अंगणात नेऊन फोडून पाहावीत, किळस आली तरी. आत काहीच नसेल तर कोंबड्याकडे किंवा साठवणीकडे पाहावे. पहिल्या चार दिवसांतले मृत गर्भ साठवणीची चूक, तापमानातली चूक किंवा वाहतुकीतले धक्के सांगतात. पूर्ण वाढलेले, ओलेचिंब, सुजलेले पिल्लू असेल तर ओलावा जास्त होता. कोरड्या पापुद्र्यात चिकटलेले असेल तर कमी होता. सगळी पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघून बेंब्या कच्च्या राहिल्या असतील तर पेटी गरम चालते, बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली असतील तर थंड. मोठ्या हॅचरीत पेट्या फॉर्मेलिनच्या धुरीने निर्जंतुक करतात, पण तो धूर विषारी असतो आणि घरात वापरू नये. साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवलेली पेटी पुढच्या खेपेला पुरेशी.

पिल्लांसाठी ब्रूडर, म्हणजे कृत्रिम दाई, अंडी ठेवतानाच तयार करायची असते. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात भाताच्या तुसाचा थर देऊन वर तारेचा बल्ब टांगावा. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही, म्हणून तो इथे चालत नाही. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी असा क्रम ठेवावा. पिल्ले बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते, कडेला पसरून चोची उघडत असतील तर बल्ब वर घ्यावा. पहिल्या दिवशी गुळाचे पाणी आणि भरडलेला मका देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यानंतर चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचे तयार खाद्य, द्यावे. पाण्याच्या भांड्यात खडे टाकले की पिल्ले बुडत नाहीत. त्यांना हाताळल्यावर मुलांनी हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो.

लसीकरणाची वेळ लगेच येते. मरेक्सची लस पहिल्या दिवशी, मानमोडीवरची लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने आणि गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या आसपास देतात. लसीच्या कुप्या शेकडो पिल्लांच्या मात्रेच्या असतात आणि उघडल्यावर काही तासांतच वापराव्या लागतात, म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून गावातल्या दोन-चार कोंबडीपालकांनी एकाच दिवशी लस देण्याचे ठरवणे सोयीचे. निघालेल्या पिल्लांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असतात आणि पहिले काही आठवडे नवख्या माणसाला ते ओळखू येत नाहीत. जास्तीच्या कोंबड्यांचे काय करायचे, हे अंडी पेटीत ठेवण्याआधीच ठरलेले बरे. अंगभर पिसे आली की, म्हणजे ऋतूनुसार चार ते सहा आठवड्यांनी, बल्ब बंद करून पिल्ले खुराड्यात हलवता येतात. मोठ्या कोंबड्या त्यांना टोचून काढू नयेत म्हणून सुरुवातीचे काही दिवस मध्ये जाळी लावावी.